"कुणी सांगितलं?"

मी आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत वाचा उपचारतज्ज्ञ म्हणून जाते. त्या मंगळवारी नववीतला तो मुलगा ठरलेल्या तासाला आला नाही. शिपाईमामा एकटेच परतले. "येत नाही म्हणतो, मॅडम."

कारण मधल्या सुट्टीत कळलं. आदल्या आठवड्यात मराठीच्या बाईंनी मला विचारलं होतं, "प्रार्थना तर खणखणीत म्हणतो, मग तोंडी परीक्षेतच कसा अडखळतो? नाटक तर नाही ना?" सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना तोतरेपणा बहुतेकदा जातो आणि एकट्यानं बोलायची वेळ आली की परत येतो, यात ढोंग नसतं, हे मी समजावलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोषाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याचं आणि वाचाघाताचं (मेंदूला इजा होऊन बोलणं बिघडण्याचं) उदाहरण आहे, तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे तोंडीला जादा वेळ मिळणं आमच्याकडे शिक्षकांच्या समजुतीवरच असतं. त्याचे गुण जाऊ नयेत म्हणून मी बोलत गेले. तो माझ्याकडे येतो, स्वतःचं नाव सांगतानाच सर्वांत जास्त अडतो, हजेरीचीही त्याला धास्ती असते, सगळं सांगितलं.

बाई मनाने चांगल्या. त्यांनी भर वर्गात सांगितलं, "त्याला बोलायचा त्रास आहे, उपचार चालू आहेत. कुणी हसायचं नाही."

शाळा सुटल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, क… क… " मान एका बाजूला ओढली गेली. शब्द मला कळला होता, पण मी पुरवला नाही. "कुणी सांगितलं?"

"मी. तुला न विचारता. चुकलं माझं."

जूनमध्ये संमतीच्या कागदावर त्याच्या बाबांची सही घेतली होती. "दहावीच्या आत सुटलं पाहिजे, मॅडम," असं ते म्हणाले होते. तशी हमी देता येत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. मुलाला काय हवंय, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता विचारलं. बराच वेळ लागला त्याला. "वाचताना थांबलो, तर पुस्तक प… पुढच्याला देऊ नका म्हणावं."

हे बाईंना मी सांगू, की तू सांगशील, की चिठ्ठी लिहायची? तो काही बोलला नाही. मी संमतीच्या नव्या कागदावर बाबांच्या सहीच्या वर त्याच्यासाठी एक ओळ आखली. त्यानं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. "घ… घरी वाचून सांगतो."