समेवरचा खटका : मिरजेतल्या मैफली, जुना कॅमेरा आणि वर्षभराची नोंद

मैफलींचे फोटो काढायला घेतलेल्या सामानाचा आधी हिशेब, कारण आपल्या फोटोवाल्यांतला प्रत्येकजण पहिल्यांदा तेच विचारतो. निकॉन डी५३००, वापरलेला, १८-५५ किट लेन्ससकट २१,००० रुपये. ५० एमएम एफ/१.८ डी, वापरलेली, ४,८००. ३५ एमएम एफ/१.८ जी, तीही वापरलेली, ८,५००. जास्तीची बॅटरी आणि कार्ड धरून ३६ हजारांच्या आसपास. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही. दिवसा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, त्यामुळे रात्रीच्या मैफलीत बसायला मिळतं हीच पहिली चैन.

तिसरी माळ

अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्र संगीत महोत्सवाला लहानपणापासून जातोय, पण गळ्यात कॅमेरा अडकवून पहिल्यांदाच गेलो. मागे खांबाला टेकून उभा राहिलो आणि किट लेन्स ५५ पर्यंत ताणली. त्या टोकाला तिचं भोक, म्हणजे ॲपर्चर, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर नेऊनही शटर मिळालं १/२० सेकंद. उत्साह एवढा की ६१२ फोटो काढले. घरी येऊन बघतो तर मागचे तंबोरे एकदम शार्प आणि पुढे गाणाऱ्या बुवांना दोन-दोन नाकं. ठेवण्यासारखे नऊ निघाले, त्यातले चार श्रोत्यांचे.

त्या रात्री कागदावर आकडेमोड केली. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलं की जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच देवळात, त्याच दिव्याखाली १/२० चं १/२०० होतं. किंवा आयएसओ निम्म्यावर, ३२०० वर आणून १/१०० ठेवता येतं. नवा कॅमेरा घेऊन एवढी उडी मिळाली नसती. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलायच्या विचारात असलेल्यांनी आधी हे गणित स्वतः मांडून बघावं.

दरम्यान एक गाढवपणा

रात्री अकरा वाजता फोनवरच ५० एमएमचा सौदा केला. स्वस्त मिळत होती, हावरटासारखा हो म्हणालो. 'डी' आणि 'जी' या अक्षरांत काय फरक असतो ते विचारलंच नाही. लेन्स आली, लावली, आणि पडद्यावर 'एफईई' अशी तीन अक्षरं लुकलुकायला लागली. अर्धा तास कॅमेरा मेला असं समजून घाम पुसत बसलो. नंतर कळलं की डी लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते, ती शेवटच्या २२ या आकड्यावर फिरवून लॉक करावी लागते. केली. कॅमेरा जिवंत झाला, फोकस मात्र जागचा हलेना. या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि डी५३०० च्या बॉडीत ती मोटर नाही. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, पण वाचायला बसलो असतो तर दहा मिनिटांत कळलं असतं.

परत पाठवायची सोय नव्हती. मग हाताने फोकस. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला असं समजायचं. मधले तीन-चार दिवस घरात आईच्या चष्म्यावर सराव केला. ती टीव्ही बघत असायची, मी समोर जमिनीवर. "एकदाचा काढ तो फोटो आणि ऊठ," असं तिनं तिसऱ्या दिवशी सुनावलं.

आठवी माळ

या वेळी पुढे सतरंजीवर, अगदी दुसऱ्या रांगेत. मांडी घातली, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली. हा फुकटचा ट्रायपॉड आहे, १/६० पर्यंत माझा हात त्यावर हलत नाही. गायिका अडीच मीटरवर. तेवढ्या अंतरावर ५० एमएम एफ/१.८ ला जेमतेम १८ सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प मिळतो. डोळा पकडला तर पुढे आलेला हात गेला, हात पकडला तर डोळे गेले. मी डोळे धरले. माइक नेमका ओठांवर येत होता म्हणून अर्धा हात बाजूला सरकलो. पुढच्या खेपेला माइकचा स्टँड कुठल्या बाजूने येतो ते आधी बघून मगच बूड टेकायचं, अशी नोंद वहीत केली.

आणि मग ते झालं. विलंबित एकताल, गायिका किराणा घराण्याच्या, खालच्या षड्जावर नुसता आवाज लावून थांबलेल्या. सगळं देऊळ गप्प. मी बटण दाबलं. खट्ट! एरवी हा आवाज काही नसतो, त्या शांततेत कुणीतरी पाट आपटल्यासारखा वाजला. शेजारी सतारमेकर गल्लीतले एक चाचा बसले होते. त्यांच्याकडे मी लहानपणी तारा आणायला जायचो, माझी मोठी बहीण सतार शिकायची तेव्हा. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं.

मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "किती काढलेस?"

"दीडशे झाले असतील, चाचा."

"दीडशे वेळा खट केलास की रे. आम्ही सतारीची घोडी घासून जवारी काढताना केसाएवढा आवाज ऐकतो, आम्हाला किती वाजत असेल बघ. समेवर दाब की! तबल्याची थाप तुझा खटका गिळून टाकतीया."

मी म्हटलं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दर मिनिटाला एकदा येते. ते म्हणाले, "मग मिनिटाला एक काढ. तुला काय लग्नाचा अल्बम द्यायचाय?"

समेचं गणित

हे जमायला तीन मैफली गेल्या. इथे थोडं पाल्हाळ लावतो, कारण वर्षभरात खरं काही शिकलो असेन तर ते हेच.

विलंबित एकतालात बारा मात्रा. लय खूप संथ असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण-एक मिनिट चालतं. गाणारा बढत करत, म्हणजे राग हळूहळू फुलवत, कुठेही फिरत असला तरी शेवटच्या मात्रा-दोन मात्रांत बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिचा सुरुवातीचा तुकडा, पकडतो आणि तो घेऊन समेवर येतो. म्हणजे मुखडा ही आपली घंटा. तो ऐकू आला की श्वास धरायचा, हिरवा ठिपका एकदा तपासायचा, बोट बटणावर. समेवरचा 'धिं' पडला की दाबायचं.

डी५३०० मध्ये क्वाएट शटर नावाचा मोड आहे, मेनूत 'क्यू' अशा खुणेने दिसतो. त्यात शटर पूर्ण मूक होत नाही, पण एक गंमत होते. फोटो घेताना कॅमेऱ्यातला आरसा वर जातो, तो बटण दाबून धरलं तोवर वरच राहतो आणि बोट उचललं की खाली येतो. म्हणजे एका आवाजाचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा कधी पाडायचा ते आपल्या हातात. एकतालाची पहिली मात्रा 'धिं' आणि दुसरीही 'धिं'. पहिल्या धिंवर दाबायचं, चार-पाच सेकंद बोट तसंच धरून ठेवायचं, दुसऱ्या धिंवर सोडायचं. दोन्ही खटके तबल्याखाली गडप! पहिल्यांदा जमलं तेव्हा मला फोटोपेक्षा याचाच आनंद जास्त झाला. व्ह्यूफाइंडर तेवढा वेळ काळा राहतो, त्याची सवय करावी लागते.

फायदा नुसता आवाजाचा नाही. समेच्या आधी गाणाऱ्याचा चेहरा ताणलेला असतो, हात हवेत काहीतरी विणत असतो. सम पडली की तो हात क्षणभर थांबतो, मान खाली येते, साथीदार एकमेकांकडे बघून हसतात. तिथे १/८० सुद्धा पुरतं, कारण हलत कुणीच नसतं. अंधारातल्या फोटोत जो स्टॉपभर, म्हणजे एका दुपटीएवढा, उजेड कमी पडत होता, तो असा ताल मोजून मिळाला.

आणि गाढवपणाने घेतलेली ती डी लेन्स इथे कामाला आली. फोकस हाताने एकदा बसवला की तो तिथेच. अंधारात पुढे-मागे चाचपडणं नाही, मोटरची घरघर नाही. बॉडीवरचा फोकसला मदत करणारा दिवा तर पहिल्याच दिवशी बंद करावा. तो थेट गाणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. काढलेला फोटो आपोआप दिसणंही बंद. पडदा उलटा फिरवून मिटून टाकतो, नाहीतर मागच्या आजोबांना प्रत्येक समेला टॉर्च मारल्यासारखं होतं.

दिवाळी पहाट

सांगलीत, उघड्या मैदानावर. साडेपाचला पूर्ण अंधार, स्टेजवर एलईडी आणि मांडवाच्या कडेला जुन्या ट्यूबलाइट. नाट्यसंगीत होतं, लय चढती, म्हणून १/२५० ठेवलं आणि फसलो. एका फोटोत कुर्ता पिवळट, पुढच्याच फोटोत हिरवट, काहींत आडवे काळे पट्टे.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१०० ला एक पूर्ण झोका फोटोत येतो, १/२५० ला त्याचा तुकडाच येतो, आणि कुठला तुकडा येईल ते नशिबावर. पट्टे येतात कारण १/२०० च्या पुढे या कॅमेऱ्याचं शटर एकदम पूर्ण उघडत नाही, फट सरकत जाते. म्हणून मांडवात आता १/१०० किंवा १/५० एवढंच. मंद केलेल्या एलईडीचं लुकलुकणं मात्र वेगळ्या वेगाचं असू शकतं, तिथे सुरुवातीलाच दोन-तीन वेगांवर चाचणी घेतो.

सव्वासहानंतर आकाश निळं झालं आणि पंधरा मिनिटं मिळाली. मागे निळं आकाश, चेहऱ्यावर स्टेजचा उबदार उजेड, आयएसओ ८००. पेटीवाल्यांचा त्यातला एक फोटो माझ्या आईनेही चांगला म्हटला. साडेसातला ऊन आलं आणि सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसायला लागलं.

ऑर्केस्ट्रा

एका मित्राच्या आग्रहाखातर गेलो. फिरते दिवे, धूर, लाल-निळा-जांभळा. खटक्याची चिंता नव्हती, तिथे बॉम्ब फुटला तरी कळलं नसतं. पण शुद्ध लाल दिव्यात गायकाचा चेहरा म्हणजे टोमॅटो सॉसचा डाग. नाक-डोळ्यांचे उंचसखल सगळे गेलेले. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दाखवत होता, म्हणून फसलो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडला तेव्हा लाल पट्टी उजव्या भिंतीवर आपटलेली दिसली. एक स्टॉप खाली आणलं, पांढरा दिवा फिरून येण्याची वाट बघितली. उरलेले डार्कटेबलमध्ये कृष्णधवल केले. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं नॉइज काढायचं मॉड्यूल माझ्या ३२०० च्या फायलींना पुरेसं आहे. फार घासू नका एवढंच. दाणे गेले की कातडीही जाते आणि गायक मेणाचा दिसतो.

मीटरबद्दल एक ओळ. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळं आहे आणि तो चेहरा जाळून टाकतो. स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतला एक छोटा ठिपकाच मोजणाऱ्या मीटरने, गालावरचा उजेड एकदा मोजायचा, मॅन्युअलवर बसवायचा आणि दिवा बदलेपर्यंत हात लावायचा नाही.

उरूस

मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याचा उरूस. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर याच आवारात आहे. उरसात चिंचेच्या झाडाखाली गाणं-वाजवणं होतं, कलाकार हजेरी लावायला येतात, श्रोते मिळेल तिथे बसतात. मंडपाचं कापड हिरवं असलं तर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हिरवी झाक येते. ती नंतर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या, फाइलमध्ये पांढऱ्या टोपीला पांढरं धरून व्हाइट बॅलन्स बसवून काढली.

३५ एमएम तोवर आली होती, या वेळी अक्षर बघून घेतली. तिने सुरुवातीला सगळी बैठक एका चौकटीत घेतली आणि मग पुन्हा ५० लावली. आयएसओ ३२००, एफ/२, १/१००. रात्रभरात एकूण ७४ फोटो. त्यातले २१ ठेवले. चाचा दोन माणसं सोडून बसले होते आणि त्यांची मान एकदाही वळली नाही. मी दोनदा तपासून बघितलं.

चार दिवसांनी त्यातला एक पोस्टकार्ड आकारात छापून सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. सम नुकतीच पडलेली, गायकाचे डोळे मिटलेले, तबलजी हसताहेत. चाचांनी चष्मा वर केला, फोटो दारातल्या उजेडाकडे नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवलं गायकाच्या खांद्यामागच्या तपकिरी धुरकट गोळ्यावर.

"हा तंबोरा आपला हाय. भोपळा मी स्वतः निवडलेला. याचा का नाही काढलास?"

एफ/२ वर मागचा तंबोरा कसा येणार, हे त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी फोटो तारांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कामाला लागले.

तिसऱ्या माळेचे ते ६१२ फोटो मी अजून पुसलेले नाहीत. त्या रात्रीही तोच तंबोरा होता का ते चाचांना विचारायला हवं. असेल तर दुसरा प्रिंट तयारच आहे.