एकच आम्ल, तीन जन्म: कार्बोनेट खडकांच्या छेदांची प्रगती

चुनखडक, संगमरवर आणि आंबाडुंगरचा कार्बोनेटाइट, तिघांचेही पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश आरपार जाईल इतके पातळ घासलेले काप) अखेर एका ट्रेमध्ये शेजारी शेजारी मांडता आले. पावसाळा सरल्यापासून हेच काम चालू होते. तिन्ही दगड कार्बोनेटचे. पण एक समुद्रात साचलेला, एक उष्णतेने आणि दाबाने बदललेला आणि एक शिलारसातून थिजलेला. वडोदऱ्याच्या पूर्वेला एकाच पट्ट्यात हे सगळे मिळते, आणि आपण बडोदेकर मात्र दगड बघायचे म्हटले की पावागडाशीच थांबतो.

आंबाडुंगर छोटा उदेपूर जिल्ह्यात येतो. 2013 पर्यंत तो आपल्या वडोदरा जिल्ह्यातच होता. तिथे क्रिटेशस काळातले बाग थर आहेत, म्हणजे वालुकाश्म आणि उथळ समुद्रातला चुनखडक. त्यांच्यावर दख्खनचा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या सगळ्याला भेदून कार्बोनेटने भरलेला शिलारस वर घुसला आणि डोंगराभोवती वर्तुळाकार थिजला. 1963 मध्ये सुखेश्वाला आणि उदास यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे तिथल्या फ्लोराइटच्या साठ्यामुळे खाणी आल्या. चुनखडकासारखा दगड वितळलेल्या अवस्थेतून येतो, हे एके काळी अनेक भूवैज्ञानिकांनाही पटत नव्हते. 1960 च्या सुमारास टांझानियातल्या ओल्डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीतून कार्बोनेटचा लाव्हा वाहताना पाहिला गेला. तो सोडियमयुक्त आणि जेमतेम 500 ते 600 अंश सेल्सियसचा. बेसाल्टचा लाव्हा 1100 च्या वर असतो.

आता मुद्दा आम्लाचा. नवीन मंडळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात आणि फसफसले की वहीत ‘चुनखडक’ लिहून मोकळी होतात. माझ्या नमुन्यांत चुनखडक फसफसला, कार्बोनेटाइटही तितकाच फसफसला. छोटा उदेपूरचा संगमरवर डोलोमाइटचा (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा) असल्यामुळे जवळजवळ गप्प राहिला. सुरीने खरवडून भुकटी केल्यावर बुडबुडे आले. म्हणजे आम्ल खनिज सांगते, खडकाचा जन्म सांगत नाही. आणि आपले अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित हे वर्गीकरण तर जन्मावरच उभे आहे. कार्बोनेटाइट म्हणायला निम्म्याहून जास्त कार्बोनेट खनिजे लागतात, पण खडक मुळात अग्निजन्य असावा लागतो. म्हणून पोत, म्हणजे कण एकमेकांशी कसे जुळलेत ते, बघायचा, आणि त्यासाठी छेद.

घासकाम दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर, जाड काचेवर. चकतीची एक बाजू गुळगुळीत करायची, अराल्डाइटने काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूने कार्बोरंडमच्या भुकटीने 0.03 मिलिमीटरपर्यंत झिजवायची. भुकटीच्या क्रमांकांचा क्रम 220, 400, 600, मग 1000; आकडा मोठा तितकी भुकटी बारीक. प्रत्येक भुकटीनंतर पट्टी, काच आणि हात धुवायचेच. जाड भुकटीचा एक कण राहिला तरी ओरखडे पडतात. कार्बोनेटमध्ये खरी अडचण जाडी ओळखण्याची आहे. वालुकाश्मात सूक्ष्मदर्शकाचे ध्रुवक (प्रकाश गाळणाऱ्या दोन पट्ट्या) आडवे, म्हणजे एकमेकांना काटकोनात लावल्यावर क्वार्ट्झचा रंग राखाडी-पांढरा दिसला की थांबता येते. कॅल्साइट (चुनखडकाचे मुख्य खनिज) मात्र थोडा जाड असो वा पातळ, फिकट गुलाबी-हिरवटच दिसतो. त्यासाठी मी पट्टीवर शेजारी ग्रॅनाइटची कपची चिकटवते. तिच्यातला क्वार्ट्झ हीच माझी मोजपट्टी. मात्र क्वार्ट्झ मोह्जच्या कठीणता-मापनात 7 आणि कॅल्साइट 3, त्यामुळे बोटाचा दाब ग्रॅनाइटच्या बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर कार्बोनेट आधी संपते.

चुनखडकाच्या छेदात शिंपल्यांचे तुकडे आणि त्यांना बांधणारा कॅल्साइट स्पष्ट आहे; तिथे शंकेला जागाच नाही. संगमरवरात जीवाश्मांचा मागमूस नाही. कण एकमेकांना भिडून साबणाच्या फेसासारखे जुळले आहेत, तिघे भेटतात तिथे कोन 120 अंशांच्या आसपास.

कार्बोनेटाइटने मात्र चांगलेच थांबवले. त्याचे कॅल्साइटचे कण संगमरवराच्या इतके जवळचे की नुसत्या पोतावर मी पैज लावणार नाही. निकाल पाहुण्या खनिजांनी दिला. ध्रुवक आडवे लावले आणि झगमगत्या कॅल्साइटच्या मध्ये मंद राखाडी, टोके गोलावलेले कण दिसले: ॲपेटाइट, म्हणजे फॉस्फेटचे खनिज. शेजारी पूर्ण काळे ठिपके. ते मॅग्नेटाइट असावेत, कारण त्याच दगडाच्या भुकटीतून चुंबकाने काळे कण उचलले. हे दोघे अशा प्रमाणात एकत्र सापडणे ही कार्बोनेटाइटची ठळक खूण आहे. खूप आनंद झाला!

नमुने रस्त्याकडेच्या सुट्या दगडांतले आहेत. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका.

पुढचे काम ॲलिझारिन रेड एस या रंगाचे. त्याने कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट तसाच राहतो, म्हणजे संगमरवरात कॅल्साइटचे पट्टे आहेत का ते कळेल. कुणाकडे मकराण्याच्या संगमरवराचा तुकडा असेल तर सांगा. बदल्यात कार्बोनेटाइटच्या दोन चकत्या कापून ठेवल्या आहेत.