कुणीच न बघितलेल्या एपिसोडवरून होणारी भांडणं

डॉक्टर हू ही बीबीसीची सायन्स फिक्शन सिरीयल बघण्याइतकीच मजा मला तिच्या फॅन लोकांची भांडणं वाचण्यात येते, आणि त्यातही सगळ्यात कडाक्याची भांडणं कशावरून, तर भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जे एपिसोड जन्मात बघितलेले नाहीत त्यांच्यावरून. सिरीयल १९६३ मध्ये सुरू झाली आणि बीबीसीने साठच्या दशकातले ढीगभर एपिसोड नंतर पुसून टाकले, कारण टेप महाग, ती परत वापरायची, पुन्हा दाखवायचे हक्क मर्यादित, आणि रंगीत टीव्ही आल्यावर ब्लॅक अँड व्हाईट बघणार कोण! पण त्या काळच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्डिंग केलं होतं म्हणून हरवलेल्या एकूण एक एपिसोडचा आवाज तरी शिल्लक आहे. मग आवाज, स्क्रीनवरून काढलेले थोडे फोटो आणि कथांच्या कादंबऱ्या, एवढ्या भांडवलावर कुठली स्टोरी ग्रेट आणि कुठली टुकार याच्या याद्या तयार.

आता एनिमी ऑफ द वर्ल्ड या स्टोरीचंच बघा ना. सहा एपिसोड, त्यातला फक्त तिसरा शिल्लक, आणि नेमका तोच खोल्या, कॉरिडॉर आणि एका वैतागलेल्या आचाऱ्यावर चालणारा. (मला तो आचारी आवडतो, पण ते जाऊ दे.) त्यात पुन्हा त्या सिझनमध्ये मॉन्स्टरची रांग आणि या स्टोरीत एकही मॉन्स्टर नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं निकाल ठरलेला होता, कंटाळवाणी. ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं तेसुद्धा हेच सांगायचे, कारण आधीच्यांनी तसं सांगितलेलं. मग २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात या एपिसोडची रिळं सापडली आणि बघतात तर काय, पहिल्याच एपिसोडला समुद्रकिनारा, हॉवरक्राफ्ट, हेलिकॉप्टर, आणि पॅट्रिक ट्राउटनचा डबल रोल, सिरीयलचा हिरो डॉक्टरही तोच आणि सॅलामँडर नावाचा व्हिलनही तोच. एका रात्रीत सगळ्यांची मतं फिरली. आणि ‘आम्ही आधीपासूनच म्हणत होतो’ वाले पण लगेच उगवले, ते तर येणारच.

उलटंही झालंय. टूम ऑफ द सायबरमेन (सायबरमेन म्हणजे माणसांचे झालेले यांत्रिक राक्षस) हरवलेली होती तोवर तिचं नाव भलतंच मोठं, मग हाँगकाँगमधून फिल्म परत आली, १९९२ मध्ये कॅसेट निघाली, आणि डोक्यात जो भव्य सिनेमा चालू होता त्याच्या जागी काही लोकांना सेट आणि वायरी दिसायला लागल्या. मला विचाराल तर सायबरमेन त्या थडग्यांमधून बाहेर येतात तो सीन अजूनही जबरदस्त आहे.

बरं, डोळ्यांनी बघितलेल्याचंही काही खरं नाही. १९७६ ची डेडली असॅसिन आली तेव्हा फॅन क्लबवाल्यांनी तिला धू धू धुतलं होतं, टाईम लॉर्ड्सची, म्हणजे डॉक्टरच्या जमातीची, वाट लावली म्हणून. टाईम लॉर्डला बाराच रीजनरेशन (मरायच्या वेळी नवं शरीर घेणं) मिळतात हा नियम त्याच स्टोरीतला, आणि पुढे त्याच नियमाचा दाखला देऊन फॅन लोक नव्या लेखकांना झापायला लागले.

सध्या माझं लक्ष पॉवर ऑफ द डालेक्सवर आहे. १९६६ ची, ट्राउटनची पहिलीच स्टोरी, सहाच्या सहा एपिसोड गायब, २०१६ मध्ये अ‍ॅनिमेशन करून आणली, आणि तरी ती कायम बेस्ट स्टोरींमध्ये. आवाज ऐकून मलाही ती भारीच वाटते, डॉक्टरचे जुने शत्रू डालेक माणसांचे नोकर असल्याचं नाटक करतात ती आयडियाच भन्नाट आहे, पण ट्राउटन तोंडाने कमी आणि चेहऱ्याने जास्त बोलणारा नट, तेव्हा आपण सगळे नक्की कशाला मार्क देतोय? हे कुठे विचारलं की अ‍ॅनिमेशनवाले आणि फक्त ऑडिओवाले आपसातलं भांडण सोडून दोघं मिळून माझ्यावर येतात.