डावा हात आधी लागला

मी पुण्यात पोरांना पोहायला शिकवतो, बारा वर्षं झाली, आणि अजूनही मला पाण्यातल्या पोरांपेक्षा काठावरच्या आईबाबांचंच टेन्शन जास्त येतं. गेल्या महिन्यात जिल्ह्याची मीट, म्हणजे स्पर्धा होती, आमची ११ वर्षांची एक मुलगी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला. आमचा टँक २५ मीटरचा, त्यात शंभरला तीन टर्न (भिंतीला हात लावून वळणं) होतात, मीटचा ५० चा म्हणजे टर्न एकच, आणि नेमका तोच गेला. भिंतीला डावा हात आधी लागला, उजवा मागून. ब्रेस्टला (बटरफ्लायलापण) दोन्ही हात एकाच वेळी टेकायला लागतात, वरखाली असले तरी चालतात पण एकदम. टर्न जजनी हात वर केला तेव्हाच मी कपाळावर हात मारला, पोरगी मात्र जीव तोडून पोहत सुटली, तिसरी आली.

निकालाच्या शीटवर डीक्यू, म्हणजे बाद, बघून बाबा मोबाईल घेऊनच आले, "सर, व्हिडिओ बघा, दोन्ही हात लागलेत, प्रोटेस्ट टाका." लागले होतेच हो, पण एकामागून एक! तीनदा स्लो करून दाखवलं तर म्हणे एवढ्याशाने काय होतं, पहाटे पाचला उठतो आम्ही. आता पाचला मीपण उठतो, पण ते बोलून काय उपयोग.

खरं तर चिडायला मला तोंडच नव्हतं. ही सवय मी दोन आठवडे बघत होतो, तिला दहा वेळा ओरडलो असेन, घरी एका शब्दाने बोललो नव्हतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकतो काय, तर फी, सुट्टी आणि टायमिंग, मग ते टायमिंगच बघणार ना. तेच सांगितलं त्यांना, की मला आधीच दिसत होतं, तुम्हाला सांगायला हवं होतं, चुकलं माझं. भांडायच्या तयारीने आलेला माणूस एकदम गप्पच झाला. मग हळूच, "हे सुधारतं का पण?" म्हटलं नुसते टर्न करायचे, रोज वीस, घड्याळ न लावता, सोमवारी तुम्हीपण या आणि फक्त हात बघा.

तेवढ्यात पोरगी आली, टॉवेल गुंडाळलेला, दात वाजतायत, हातात चिक्की. "सर, डावा आधी लागला ना? मला तेव्हाच कळलं."

"मग थांबली का नाहीस?"

"थांबायचं असतं?"

सोमवारी बाबा खरंच आले, पाऊण तास नुसते हात बघत बसले, आणि जाताना माझ्या दुसऱ्या दोन पोरांच्या चुका सांगून गेले. बरोबर होत्या.