समोर म्हणजे नक्की कुठे?

पुण्यात पत्ता विचारला की उत्तरात देव येतात. पत्र्या मारुतीला डावीकडे वळा, नाहीतर चिमण्या गणपतीच्या अलीकडे थांबा. परदेशात हा आधार नसतो, तिथे रस्ता इंग्रजीत विचारायचा.

विचारणं तसं सोपं. आधी ‘एक्स्क्यूज मी’, मग ‘हाउ डू आय गेट टू द स्टेशन?’ एवढ्यावर भागतं. जास्त अदबीनं ‘कुड यू टेल मी’ लावलंत, तर पुढे ‘व्हेअर इज द स्टेशन’ नाही, ‘व्हेअर द स्टेशन इज’ येतं. चुकलं तरी समोरच्याला कळतं, म्हणून यावर फार घाम गाळू नये.

खरी पंचाईत उत्तर कानावर पडल्यावर होते. आपलं ‘समोर’ घ्या. शनिवारवाड्यासमोर भेटू, असं ठरवून एक जण दिल्ली दरवाजाबाहेरच्या पटांगणात उभा राहतो, दुसरा रस्त्यापलीकडे, आणि दोघंही बरोबर असतात. इंग्रजीत हा घोळ नाही. पटांगणातला ‘इन फ्रंट ऑफ’, रस्त्यापलीकडचा ‘ऑपॉझिट’. ‘ऑपॉझिट द बँक’ ऐकलं की रस्ता ओलांडायचाच. मागची बाजू मात्र ‘बिहाइंड’. आपल्या पाट्यांवरचं ‘बॅकसाइड’ तिकडे माणसाच्या बसायच्या भागाला म्हणतात.

‘टेक द सेकंड लेफ्ट’ म्हणजे दोनदा डावीकडे वळणं नव्हे. डाव्या हाताची पहिली गल्ली सोडायची, दुसरीत शिरायचं. आणि ‘इट्स ऑन युअर लेफ्ट’ म्हटलं तर कुठेच वळायचं नाही, सरळ चालत राहायचं, डाव्या हाताला ती जागा दिसेल. ‘टर्न’ किंवा ‘टेक’ हा शब्द आला का, एवढंच कानानं टिपायचं. शेवटी ‘यू कान्ट मिस इट’ असं म्हणतात, म्हणजे आपलं ‘दिसेलच’. तेही आपल्याइतकंच बेभरवशाचं.

शब्द देश बदलला की बदलतात. ‘सबवे’ लंडनमध्ये रस्त्याखालचा पादचारी मार्ग, न्यूयॉर्कमध्ये मेट्रो. ब्रिटनमधलं ‘रिटर्न’ तिकीट अमेरिकेत ‘राउंड ट्रिप’ होतं. ब्रिटनमधला ‘फर्स्ट फ्लोअर’ आपल्यासारखाच एक जिना वर, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो तळमजलाच. लिफ्टमध्ये उगाच बटणं दाबत बसू नये.

सगळ्यात फसवे आकडे. ‘फिफ्टीन’मध्ये जोर ‘टीन’वर आणि तो लांबतो, ‘फिफ्टी’त जोर ‘फिफ’वर आणि शेवट तोकडा. आपण दोन्ही एकाच ठोक्यात बोलतो, म्हणून ऐकतानाही गफलत होते आणि पंधरा नंबरच्या बसऐवजी पन्नास नंबरची पकडली जाते. शंका आली तर लाजू नये. ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ असं सरळ विचारावं. बोटं दाखवली तरी चालतात, पण पन्नासला ती पुरत नाहीत.