राजपीपळ्याच्या राजकुमाराची गोष्ट मी निपाणीत का सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निपाणी असो की खानापूर, समलिंगी मुलांबद्दल बोलायचा माझा कार्यक्रम संपला की कोणीतरी हटकून म्हणतं, "मॅडम, आपल्या भागातलं सोडून त्या गुजरातच्या राजकुमाराचं काय घेऊन बसलाय? तो राजाचा पोरगा हाय, त्याचं चालतंय. आमच्या बिडी वळणाऱ्या घरात चालंल काय?"

त्याचंही चाललं नाही, बघा.

मानवेंद्रसिंह गोहिल हे राजपीपळ्याच्या राजघराण्यातले, जन्म 1965 चा. संस्थान त्याआधीच विलीन झालेलं, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्गासारखं. 1971 साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. उरला तो मान, आणि मान असला की लोक काय म्हणतील याची धास्ती दुप्पट. मार्च 2006 मध्ये एका गुजराती दैनिकातून त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले. घरच्यांनी संबंध तोडल्याचं वर्तमानपत्रातून जाहीर केलं. 'मुलगा आमच्या सांगण्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये' असल्या जाहीर नोटिसा आपल्याकडेही छापून येतात, खाली वकिलाची सही. राजवाड्यानंही तीच वाट धरली. पुढे परदेशी टीव्हीवर त्यांचं मोठं कौतुक झालं, त्यात मला फारसा रस नाही.

मला सांगायचं असतं ते 1991 चं. त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या राजघराण्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. लग्न झालं की सगळं सुरळीत होईल, असं त्यांनाही वाटलं होतं. वर्षभरात ते मोडलं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलंय, की आधी एकटा दुःख भोगत होतो, लग्नानं दोघं भोगायला लागलो. हे मी दोनदा सांगते, सावकाश.

सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते तेव्हा पोराला घेऊन आया यायच्या. अंगारे-धुपारे, उपासतापास सगळं करून झालेलं. "आता दोनाचे चार हात करून टाकतो, तुम्ही फक्त त्याला समजवा." आणि पिशवीतून मुलीचा बायोडाटा काढून टेबलावर ठेवायच्या. गडहिंग्लजची, डी.एड. झालेली, अबोली साडीतला फोटो. पोरगा फोटो बघून म्हणायचा, "चांगली हाय की." आणि खरंच चांगली असायची. त्या फोटोतल्या मुलीला कोणी काय विचारलं होतं? म्हणून मला राजवाडा लागतो. शेजारच्या गल्लीतलं उदाहरण दिलं तर लोक नाव शोधत बसतात आणि एखाद्या घराचं वाटोळं होतं. मानवेंद्रसिंहांनी आपलं नाव आपणहून दिलंय.

आणि आपल्या भागातलं म्हणाल, तर सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाता ना? रांडाव पुनवेला डोक्यावर जग, म्हणजे देवीची परडी, घेतलेल्या जोगप्पाच्या, देवीला वाहिलेल्या लुगडं नेसणाऱ्या पुरुषाच्या, पाया पडून कपाळाला भंडारा लावून घेणारे आपणच. यल्लम्मानं ओढला म्हटलं की सगळं मान्य. देवीनं न ओढलेल्या पोराला मात्र घरात जेवायला बसवताना आपल्याला जड जातं. हे 'शहरातलं फॅड' असतं तर डोंगरावर इतक्या पिढ्या कोण नाचत होतं, ते मला कोणी सांगत नाही.

लोकांच्या नजरेतून निसटतं ते आणखी एक. बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट मानवेंद्रसिंहांनी 2000 साली काढला, म्हणजे स्वतःबद्दल उघड बोलण्याच्या सहा वर्षं आधी. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्ही पसरू नये म्हणून माहिती, तपासणी, निरोध, असं बिनचेहऱ्याचं काम. त्यात बायकापोरं असलेलेही असतात, आणि दुखणं त्यांच्यापाशीच थांबत नाही. 2018 साली नर्मदेकाठच्या आपल्या जागेत, घरातून हाकललेल्यांसाठी आसरा उभारायचं त्यांनी मनावर घेतलं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या 377 व्या कलमातून बाहेर काढले. तेव्हा 'हा गुन्हा हाय' असं आता कोणी दरडावलं, तर त्याला तारीख सांगा.

पुरुष मंडळी बहुतेक वाड्याचं आणि वारशाचं विचारतात. बायका विचारतात, "त्या सुनेचं पुढं काय झालं ओ?" तिचं आयुष्य मी माइकवर आणत नाही. पण हा प्रश्न आला, की त्या गावात पुन्हा जायची तारीख मी लगेच ठरवून टाकते.