चिकट डायनासोर आणि माझे तीन रविवार

आधी एकच गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला वेळेवर कुणी सांगितली नाही: जुन्या मऊ खेळण्यांवरचा चिकटपणा म्हणजे मळ नव्हे. घासून घासून बोटं सोलून निघाली तरी तो परत येतो.

माळ्यावरून दोन खोकी उतरवली होती. माझी आणि दादाची लहानपणची सगळी फौज त्यात होती: सैनिक, जनावरं, डायनासोर, कार्टूनमधली पात्रं, लेगोची माणसं. मोजली तर 411 भरली. धुळीवर तेलकट थर आणि त्यावर पुन्हा धूळ. दादाला फोन केला तर म्हणाला, "टाक की सगळी वॉशिंग मशीनमध्ये!" त्याला नुसतं बोलायचं होतं.

कडक प्लॅस्टिकवाल्यांचं काम एका संध्याकाळीच उरकलं. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, जुना मऊ टूथब्रश, झालं. लेगोला 40 अंशांपेक्षा गरम पाणी लावायचं नाही, एवढं पाळलं. बारीकसारीक हत्यारं आणि टोप्या, मोजे धुवायची जाळीची पिशवी असते तीत घालून बुचकळल्या, नाहीतर अर्ध्या नाल्यात गेल्या असत्या.

उरली 63 मऊ खेळणी. पहिल्या रविवारी तीही तशीच घासली, छान चकचकीत झाली, रात्री वर्तमानपत्रावर मांडून ठेवली. पुढच्या शनिवारी उचलायला गेलो तर हिरवा डायनासोर कागदासकट हातात आला. कागद सोलला, तर त्याच्या पोटावर मथळ्याची चार अक्षरं उलटी उमटलेली! आठवडाभरात जैसे थे.

दुसरा रविवार खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि चिडचिडीत गेला. शेवटी वैतागून नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं आणि एका वाघाच्या तोंडावरून फिरवलं. चिकटपणा गेला, त्याच्याबरोबर वाघाचे डोळेही गेले. त्यात ॲसिटोन असतं. ते रंग तर उतरवतंच, कित्येक कडक प्लॅस्टिकंही विरघळवतं. कुठलंही द्रावण आधी खेळण्याच्या तळपायाला लावून बघावं, हे शहाणपण मला वाघ आंधळा झाल्यावर सुचलं.

मग शांतपणे बसून वाचलं, तेव्हा उलगडा झाला. ही मऊ खेळणी पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची. पीव्हीसी मुळात कडक, ते लवचिक व्हावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. वर्षानुवर्षं तो आतून पाझरून पृष्ठभागावर येतो आणि त्यावर धूळ बसते. बंद खोक्यात, उकाड्यात हे आणखी वाढतं. म्हणजे मी ज्याला घाण समजून शिव्या घालत होतो, ते खेळण्याचंच अंग होतं. पुरावा त्याच खोक्यात निघाला: एका पांढऱ्या कडक घोड्याच्या पाठीवर पालीच्या पंजाचा खोलगट ठसा. मऊ पाल इतकी वर्षं त्याला टेकून पडली होती आणि तिच्यातून पाझरलेल्या द्रवाने घोड्याचं प्लॅस्टिकच खाल्लं होतं. तेव्हापासून मऊ आणि कडक खेळणी मी एकमेकांना टेकू देत नाही.

तिसऱ्या रविवारी मग हट्ट सोडला. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवली, हलक्या हाताने घासली, पाणी बदलून पुन्हा तेच, तिसऱ्यांदा पुन्हा तेच. बोट फिरवल्यावर ओढ लागेनाशी झाली की थांबायचं. टाल्कम पावडर चोळल्यास चिकटपणा लपतो, पण रंग मळकट दिसतो, मला आवडलं नाही. आणि खोक्यात परत भरायची नाहीत. उघड्या फळीवर, उन्हापासून दूर, वारा लागेल अशी ठेवायची.

हो, वाळवण्याचं राहिलंच. पोकळ खेळण्यांत सांध्यांमधून पाणी शिरतं. एका रोबोच्या मानेतून तिसऱ्या दिवशी तपकिरी पाणी गळलं, आतली स्प्रिंग गंजली होती. त्यामुळे स्क्रू किंवा स्प्रिंग असलेली बुडवायचीच नाहीत, ओल्या फडक्याने पुसायची. मऊ बाहुल्यांचं डोकं मिनिटभर गरम पाण्यात धरलं की सैल होऊन निघतं, मग आतलं पाणी झटकता येतं. वाकडे भालेही असेच गरम पाण्यात धरून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात घालायचे.

खोक्याच्या तळाशी धातूचे चार जुने सैनिक होते, अंगावर पांढरट भुकटी. त्यांना मात्र ब्रश लावला नाही. जुन्या धातूच्या सैनिकांत आणि त्यांच्या रंगात शिसं असू शकतं. पिशवीत बंद केले, हात धुतले, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवले.

एका गोष्टीचा मात्र अभिमान आहे. दादाने लहानपणी एका राजकन्येला बॉलपेनने मिशा काढल्या होत्या. मुरमांवर लावतात ते 10 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त मिशांवर लावलं, वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली आणि रोज थोडा वेळ उन्हात ठेवलं. रंगवलेल्या ओठांना ते लागू दिलं नाही, कारण ते रंगही उडवतं. आठवड्याभराने मिशा गेल्या, जागा जराशी फिकी दिसते एवढंच. फोटो पाठवला तर दादाचं उत्तर आलं, "मिशांसकट चांगली दिसायची."

काल फळीवरच्या हिरव्या डायनासोरच्या पाठीवर बोट फिरवलं. किंचित ओढ लागली. येत्या रविवारी पुन्हा बादली काढावी लागणार.